बाशूला गेटवर कोण अडवणार?

‘हल्ली न सांगता कुणी कुणाकडे जात नाही’ अशी हळहळ सुरू झाली की पुरावा म्हणून चाळीचे सिनेमे पुढे येतात. सई परांजपे यांचा ‘कथा’ त्यात हमखास असतो. उघडी दारं, सामायिक गॅलरी, कुणीही कुणाकडे डोकावतंय. चाळीत एक रात्रही न काढलेली माझ्या वयाची मंडळी त्याच्या क्लिपा ‘काय दिवस होते’ म्हणत फॉरवर्ड करतात. मला हे वाचन पटत नाही.

कारण ‘कथा’त न सांगता येऊन ठाण मांडतो तो बाशू. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा हा हिंदी सिनेमा ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर बेतलेला आहे, आणि त्यातला ससा हाच. फारुख शेख इतका गोड हसतो की आपणही त्याला चहा विचारला असता. राजारामच्या (नसीरुद्दीन शाह) खोलीत तो शिरतो, मग त्याच्या ऑफिसात, मग राजारामला मनापासून आवडणाऱ्या संध्याच्या (दीप्ती नवल) आयुष्यात. उघड्या दाराचं बिल कोण भरतं, हे सिनेमा अजिबात लपवत नाही. ते आपणच क्लिप कापताना वगळतो.

घरोघरी तसंच होतं. आमच्याकडे रविवारी दुपारी बेल वाजली की बाबा खूश व्हायचे आणि आई आधी कणकेचा डबा उघडून बघायची. त्यामुळे ‘येण्याआधी फोन करा’ ही पद्धत मला उद्धट वाटत नाही. आईला तर ती सुटकाच वाटली असणार.

मग सोसायटीचं अ‍ॅप हे बाशूवरचं उत्तर आहे का? मी सॉफ्टवेअरवाला आहे, दारावर चाळणी बसवणं हा आमचा आवडता उद्योग. पण ही चाळणी बाशूला लागू पडणार नाही. जो माणूस राजारामच्या साहेबाला गुंडाळून त्याच्याच कंपनीत नोकरी मिळवतो, तो वॉचमनला दोन मिनिटांत खिशात घालेल. वर ‘अप्रूव्ह’ दाबणारी व्यक्तीही हसतच दाबेल.

अडकेल तो राजाराम. पुन्हा बघताना मला हेच जास्त जाणवलं: न सांगता दारात जाणारा तोही आहे. चाळीतल्या सगळ्यांची कामं तो करतो, कुणालाही नाही म्हणत नाही. संध्याबद्दल जे वाटतं ते त्याला सहज बोलता येत नाही. चाळीत ते चालून जातं, कारण तिथे दारात उभं राहायला कारण लागत नाही. काहीतरी आणून द्यायचंय, काहीतरी विचारायचंय, एवढं पुरतं. (संध्याला स्वतःला मात्र सिनेमा फारसं कुठे जाऊ देत नाही. ती या दोघांच्या येण्याची वाट बघत राहते. ही मला त्याची सगळ्यात कच्ची बाजू वाटते.)

अ‍ॅपमध्ये कारण भरावं लागतं. पाहुणा, डिलिव्हरी, कॅब, इतर. राजाराम ‘इतर’वर बोट ठेवून उभा राहील, मागे डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागतील, आणि तो ‘तुम्ही घ्या पुढे’ म्हणत बाजूला होईल.