श्रेणी लावण्याची जबाबदारी : २०१० ते २०१९ या दशकातील मराठी चित्रपट

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात श्रेणी लावणे हे आज अप्रतिष्ठित मानले जाते. कृतीचे संदर्भ उलगडावेत, तिचे प्रवास आणि रूपांतरे नोंदवावीत. मात्र अमुक कृती तमुक कृतीपेक्षा श्रेष्ठ आहे असे म्हणण्याची वेळ आली की अभ्यासक सहसा अंग काढून घेतो. आपल्या परंपरेला मात्र हा संकोच नव्हता. कवींची गणना करताना करंगळीवर कालिदासाचे नाव घेतले आणि त्याच्या तोडीचा दुसरा न सापडल्यामुळे पुढचे बोट ‘अनामिका’च राहिले, ही कथा सर्वपरिचित आहे. तिच्यातील चमत्कृती बाजूला ठेवली, तरी गणना करणाऱ्याने आपला निर्णय स्वतःच्या बोटावर घेतला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

प्रस्तुत लेखकावर हा प्रश्न अध्यापनाच्या निमित्ताने येऊन पडला. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठात मराठी चित्रपटांविषयी शिकवायचे म्हणजे एका सत्रात फार तर चार-पाच चित्रपट दाखवता येतात. वर्गातील बहुतेकांची मातृभाषा मराठी नसते. त्यांच्यापैकी कित्येकांच्या दृष्टीने हे चार-पाच चित्रपट म्हणजेच मराठी चित्रपट. अशा वेळी ‘आम्ही मूल्यनिर्णय करीत नाही’ असे म्हणणे हा भाबडेपणा तरी असतो किंवा अप्रामाणिकपणा तरी. अभ्यासक्रम ही श्रेणीच असते. फक्त तिच्याखाली कोणाची सही नसते. ती सही करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दशकाची मर्यादा ही अर्थातच सोयीची रेघ आहे. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने (२००४) जी वाट मोकळी केली असे मानले जाते, तिच्यावरील महत्त्वाचे टप्पे या रेघेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले आहेत. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘विहीर’ हे दोन्ही चित्रपट २००९ चे, पण चित्रपटगृहांत आले ते २०१० मध्ये. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२० चा असल्यामुळे निसटतो. प्रेक्षकांसमोर रीतसर प्रदर्शित झाल्याचे वर्ष येथे धरले आहे. महोत्सवातील पहिला खेळ हा मराठी समाजाच्या दृष्टीने प्रकाशनपूर्व हस्तलिखितासारखा असतो.

निकष कोणता, हा खरा प्रश्न. राष्ट्रीय पुरस्कारांचा निकष हाताशी आहेच : या दशकात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ अशा तीन मराठी चित्रपटांना मिळाला, त्यातील ‘देऊळ’ला ‘ब्यारी’ या चित्रपटासमवेत विभागून. पुढील श्रेणीत या तिघांपैकी एकच आढळेल. ‘देऊळ’मधील उपरोध नेमका आहे, परंतु त्याची दिशा पहिल्या अर्ध्या तासातच कळून चुकते, आणि ‘कासव’विषयी प्रस्तुत लेखकाला आदर असला, तरी त्याच दिग्दर्शकद्वयाची आधीची एक कृती त्याला अधिक मोलाची वाटते. मराठी चित्रपट मराठीच्या पोटात आणि शेजारी असणाऱ्या इतर भाषांना कसे ऐकतो, हा येथे स्वीकारलेला निकष आहे. तो एकांगी आहे हे मान्य आहे. पण ज्या वर्गात मराठी ही अनेक भाषांपैकी एक असते, त्या वर्गातून तोच प्रथम दिसतो.

पहिले स्थान नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ला (२०१४). कारणांची सुरुवात शीर्षकापासूनच होते. ‘फँड्री’ हा कैकाडी बोलीतील शब्द, अर्थ डुक्कर. महाराष्ट्रातील बहुसंख्य प्रेक्षकांना हा अर्थ समजावून सांगावा लागला. येथील वर्गात मात्र चित्रपट सुरू होण्यापूर्वीच एका तेलुगूभाषक विद्यार्थिनीने तो ओळखला. तेलुगूत ‘पंदि’, तमिळमध्ये ‘पन्ऱि’, कन्नडमध्ये ‘हंदि’, मलयाळममध्ये ‘पन्नि’. कैकाडी ही द्राविडी कुळातील, तमिळशी नाते सांगणारी बोली असल्यामुळे शब्द जवळजवळ तोच आहे. मराठी गावाने ज्याला परका ठरवले, त्याच्या घरातला शब्द अर्ध्या भारताच्या घरातला निघतो, हे त्या दिवशी प्रस्तुत लेखकाला प्रथम उमगले. चित्रपट तत्पूर्वी अनेकदा पाहिलेला असूनही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) हा समाज मराठी साहित्यात आणला, त्यालाही तोवर तीन दशके उलटून गेली होती. तरीही बोली ‘समजून घेणे’ आणि तिच्यातील नात्याची ओळख पटणे यांत अंतर असते.

शीर्षकातला शब्द चित्रपटात पुन्हा येतो तो हिणवणुकीचे संबोधन म्हणून. जब्याला सवंगडी त्या नावाने चिडवतात; म्हणजे घरच्या बोलीतला साधा नामशब्द गावाच्या तोंडी शिवी होतो. शब्द तोच राहून केवळ बोलणारा बदलल्याने त्याचा अर्थ कसा पालटतो, याचे इतके नेमके दर्शन दुसऱ्या कोणत्या मराठी चित्रपटात असल्याचे आठवत नाही. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते, त्या प्रसंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात एका निरीक्षणाची भर घालावीशी वाटते. त्या गीताची भाषा संस्कृतप्रचुर बंगाली. त्या क्षणी पडद्यावर मराठी शाळा, कैकाडी कुटुंब आणि बंगाली गीत एकत्र येतात, आणि तिघांपैकी थांबण्याची किंमत मोजावी लागते ती एकाच पक्षाला. पुढे पकडलेले डुक्कर काठीला बांधून फुले, आंबेडकर, शाहू यांची चित्रे असलेल्या भिंतीवरून नेले जाते. ती चित्रे शाळेची आहेत. म्हणजे तीही एक शिकवलेली भाषाच. हे दृश्य काहींना अतिस्पष्ट वाटते. प्रस्तुत लेखकालाही पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही, कारण कॅमेरा तेथे थांबत नाही. डुक्कर वाहणाऱ्यांच्या गतीनेच तो पुढे सरकतो.

दुसऱ्या स्थानी ‘कोर्ट’ (२०१५). व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ मध्ये दोन पुरस्कार मिळालेला हा चित्रपट पुष्कळांच्या यादीत प्रथम असतो, आणि कित्येक वर्षे तो या यादीतही प्रथम होता. शाहीर नारायण कांबळे यांच्यावर एका सफाई कामगाराला आपल्या गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. खटल्यात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चारही भाषा वावरतात, पण शेजारीशेजारी नव्हेत. त्यांची उतरंड आहे. बचाव पक्षाच्या वकिलाचे घर गुजराती बोलते, सरकारी वकील बाईंचे मराठी, आणि न्यायाधीश टंकलेखकाला जे सांगतात ते इंग्रजीत. मृत कामगाराची पत्नी गटाराविषयी जे सांगते ते कामाच्या अनुभवाचे ज्ञान आहे : आत उतरण्यापूर्वी खडा टाकायचा, झुरळे बाहेर आली म्हणजे आत हवा आहे असे समजायचे. नवऱ्याचे वय तिला सांगता येत नाही. ही साक्ष आणि टंकलिखित नोंद यांच्यामधली दरी हाच या चित्रपटाचा विषय आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आता अडचण अशी, की इंग्रजी उपशीर्षकांत ही उतरंड सपाट होते. चारही भाषांतील संवाद एकाच पांढऱ्या ओळीत, एकाच भाषेत येतात. मराठी न समजणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘कोर्ट’ हा न्यायसंस्थेवरचा उत्तम चित्रपट वाटतो. भाषेवरचा चित्रपट वाटत नाही. भाषांतरात ज्या साहित्याला काही प्राप्त होते ते विश्वसाहित्य, ही डेव्हिड डॅमरॉश यांनी २००३ मध्ये मांडलेली कल्पना आपल्या क्षेत्रात बरीच रुळली आहे. ‘कोर्ट’च्या बाबतीत तिचा उपयोग होत नाही, किंबहुना ती दिशाभूल करते. भाषांतरात त्याचे नुकसान होते आणि हे नुकसान त्याच्या मोठेपणाचा पुरावा आहे. मग दुसरे स्थान का? त्याचे कारण चित्रपटाच्या रचनेत आहे. कॅमेरा दोन्ही वकिलांच्या आणि न्यायाधीशाच्या पाठोपाठ घरापर्यंत, नाटकाला, खरेदीला, सुटीला जातो. कांबळे यांच्या मागे तो तितक्या आत जात नाही. आपल्याला ते शिकवताना, गाताना, आरोपी म्हणून दिसतात. न्यायालयाला माणूस जेवढा दिसतो तेवढाच दाखवण्याची ही योजना असावी, असा बचाव करता येईल आणि तो दुबळा नाही. परंतु वीरा साथीदार यांचा चेहरा (त्यांचे २०२१ मध्ये निधन झाले) आणि संभाजी भगत यांची शाहिरी पाहता-ऐकताना, या योजनेने आपल्यापासून काहीतरी दूर ठेवले, ही जाणीव जात नाही. ‘फँड्री’ने ते अंतर ठेवलेले नाही.

तिसरे स्थान सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ला. या निवडीला आक्षेप येईल हे गृहीत आहे; हा चित्रपट आधीच्या दोन चित्रपटांइतका बांधीव नाही, त्यातील काही संवाद समजावणीच्या सुरात जातात. पण त्याची मूळ कल्पना विलक्षण आहे. संस्कृतचा व्यासंगी विद्वान स्मृतिभ्रंशामुळे आपले नाव-गाव विसरतो, रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतो आणि माहुताच्या कन्नड बोलणाऱ्या बायकोच्या आश्रयाला येतो. ती त्याला लेकरासारखे सांभाळते, तो तिला आई मानतो. संस्कृत आणि देशी भाषा यांच्या नात्याविषयी आपण जे मोठमोठे ग्रंथ वाचतो, त्यातील जननी-कन्येचे रूपक येथे उलटे झाले आहे : संस्कृत हे मूल आणि कन्नड ही माता. दिग्दर्शकांना हे अभिप्रेत होते की नाही, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. चन्नाच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या भूमिकेतील बरेचसे बोलणे मोहन आगाशे यांनी साकारलेल्या शास्त्रींना कळत नाही, आणि तरीही ऐकले जाते.

‘सैराट’ (२०१६) पाचवा. कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी अशा पाच भाषांत त्याची रूपांतरे झाली. तौलनिक अभ्यासकाला याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. कन्नड रूपांतरात रिंकू राजगुरू यांनीच पुन्हा नायिका रंगवली, तर हिंदी ‘धडक’मध्ये (२०१८) कथा उदयपूर आणि कोलकात्यात गेली, जात पुसट झाली आणि शेवटी नायिका जिवंत ठेवली गेली. मूळ चित्रपटाचा उत्तरार्ध हैदराबादेत घडतो. गावात बुलेटवर फिरणारी, समोरच्याला इंग्रजीचा धाक घालणारी आर्ची तेथे तेलुगूपुढे मुकी होते आणि हळूहळू ती भाषा शिकते. परक्या भाषेत तिला जे घर मिळते ते मातृभाषेतून आलेली माणसे उद्ध्वस्त करतात. एवढे असूनही त्याला वरचे स्थान देता येत नाही, कारण पूर्वार्धातील संगीत आणि संथगती दृश्यांचा मोह दिग्दर्शकाला पुरता आवरलेला नाही. तो मोह पुढे मोडण्यासाठीच उभा केला आहे, हे खरे. पण गाणी चित्रपटापासून सुटी होऊन लग्नाच्या वरातींत वाजू लागली. त्या वरातींतील जातीची गणिते कोणी बदलली नाहीत.

राहिले चौथे स्थान. ते उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’ला (२०१०) दिले आहे आणि वर मांडलेल्या निकषाने त्याचे समर्थन होत नाही. त्यात इतर भाषा जवळजवळ नाहीत. मध्यमवर्गीय मराठी कुटुंब, सुटी, पत्रे लिहिणारे, नात्याने भाऊ असलेले दोन मित्र, त्यातल्या एकाचा विहिरीत मृत्यू आणि दुसऱ्याचे त्यानंतरचे शोधणे. हा चित्रपट यादीतून वगळून पाहिला, दोनदा. दोन्ही वेळा यादी खोटी वाटू लागली. वर्गातही असेच घडते. ‘फँड्री’नंतर चर्चा लगेच सुरू होते, ‘कोर्ट’नंतर प्रश्न येतात, ‘विहीर’ संपल्यावर दिवे लागले तरी बराच वेळ कोणी बोलत नाही, आणि मग एखादा विद्यार्थी आपल्या गावच्या विहिरीविषयी, आपल्या भाषेत, शेजाऱ्याशी काही बोलू लागतो.