लपणाचा शिष्टाचार

शिकारीचें वाङ्मय हें सभ्य गृहस्थांनीं वाचावयाचें वाङ्मय नव्हे, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून आज रूढ झाली आहे, आणि तिचें कारणही उघड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यास १९९१ सालीं झालेल्या दुरुस्तीनें हौशी शिकार आपल्या देशांत संपुष्टांत आली. जी गोष्ट आतां करावयाचीच नाहीं, तिच्याविषयींचीं पुस्तकें वाचून काय करावयाचें, असें सहजच विचारलें जातें. आमचें मत निराळें आहे. ज्या जुन्या ग्रंथांस आपण कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिलें, त्यांत एक प्रकरण असें आहे कीं, ज्याची गरज नव्या मुंबईच्या खाडीकांठीं आज पूर्वीपेक्षां अधिक भासते. तें प्रकरण म्हणजे लपणाचें.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करूं. झाडावर बांधलेल्या बैठकीस मचाण म्हणतात. पाण्याच्या कांठीं लव्हाळे, पाणकणीस, वाळल्या फांद्या यांचा आडोसा करून माणूस पाखरांच्या दृष्टीआड बसतो, त्यास लपण म्हणतात. पूर्वीं त्यांत बंदूक घेऊन शिकारी बसे. आज लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन छायाचित्रकार बसतो. पहाटेचा अंधार तोच, चिखल तोच, श्वास रोखून बसणेंही तेंच. ऐरोलीपासून उरणजवळच्या पाणज्यापर्यंतच्या खाडीकांठीं रोहित पक्षी, ज्यांस आतां घरांतलीं मुलेंसुद्धां फ्लेमिंगोच म्हणतात, हिवाळ्यापासून उन्हाळा सरेपर्यंत मोठ्या संख्येनें असतात. ओहोटीस खाडीचा चिखल उघडा पडला म्हणजे ते तेथें चरतात. भरतीनें चिखल झांकला कीं नेरुळच्या बाजूचीं उथळ तळीं हें त्यांचें विसाव्याचें ठिकाण होतें. या तळ्यांकांठीं बांधीव लपण शोधावयास नको. बांधाचा उतार, झुडुपाची सावली, कांदळवनांतील एखादी फट, हेंच तेथील सामाईक लपण. आणि जें सामाईक असतें त्याचा वाली कोण, हा प्रश्न तेथें रोज सकाळीं उभा राहतो.

शिकाऱ्यांनीं हा प्रश्न आपल्यापरीनें सोडविला होता. चांगल्या शिकारी मंडळींत कांहीं नियम लिहिलेले नसले तरी कसोशीनें पाळले जात. लपणाच्या जागा चिठ्ठ्या टाकून वांटून घ्याव्या, म्हणजे उत्तम जागेसाठीं तंटा होत नाहीं. उजाडण्यापूर्वीं येऊन बसावें आणि एकदां बसल्यावर उठूं नये, कारण एकाच्या हालचालीनें सर्वांच्या समोरचीं पाखरें उठतात. शेजाऱ्याच्या रेषेंतून येणारा पक्षी शेजाऱ्याचा. टप्प्याबाहेरच्या पक्ष्यावर बार टाकूं नये. तो जागच्या जागीं मरत नाहीं, छर्रे लागून कोठें तरी झुरत पडतो. जखमी पक्षी शोधून काढल्याशिवाय दुसऱ्याचा विचार करूं नये. निघतांना बंदूक रिकामी करावी, रिकामीं काडतुसें वेंचावीं. आणि हंगामापूर्वीं लपणाची डागडुजी सर्वांनीं मिळून करावी: कुजलेला पाला काढावा, आणि नवा घालावयाचा तो दुरून आणावा, कारण लपणाच्या भोंवतालचेंच गवत कापलें तर लपण उघडें पडतें. या शेवटच्या नियमांत आम्हांस शहाणपणाचा मोठा अंश दिसतो. आडोसा राखावयाचा तर भोंवताल राखला पाहिजे, ही गोष्ट शिकाऱ्यास पर्यावरणाचें व्याख्यान कोणी न देतांच कळली होती.

परंतु एवढ्यावरून त्या वाङ्मयाची आरती ओवाळण्याची घाई आम्ही करणार नाहीं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेला 'मानसोल्लास' पाहावा. श्येनविनोद, मत्स्यविनोद, मृगयाविनोद अशीं प्रकरणें त्यांत आहेत, आणि पशुपक्ष्यांच्या सवयींचें ज्ञान त्यांत विपुल आहे. तथापि प्रकरणांचीं हीं नांवेंच बोलकीं आहेत. सर्व ज्ञान अखेर राजाच्या विनोदास जुंपलेलें आहे. इंग्रजी अमदानींत ह्यूम व मार्शल यांनीं १८७९ ते १८८१ या काळांत हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील शिकारयोग्य पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १८८५ सालीं राष्ट्रसभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. ग्रंथांतील निरीक्षण असें कसदार कीं अभ्यासकास तें अजूनही उपयोगी पडावें. पण पक्ष्यांची निवडच मुळीं बंदुकीनें केलेली आहे. जो मारावयाचा तो ग्रंथांत, बाकीचे बाहेर.

या दृष्टीची परमावधि भरतपूरच्या केवलादेव तळ्यावर झाली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठीं झालेल्या शिकारींत एका दिवसांत ४२७३ पक्षी पडले; तो आंकडा तेथें दगडावर कोरून ठेवलेला आहे. त्या दिवशीं शिष्टाचारांत कांहीं उणें पडलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. पाहुण्यांच्या जागा मानाप्रमाणें ठरलेल्या असतील, शेजाऱ्याच्या पक्ष्यावर कोणी बार टाकला नसेल. मग उणें काय होतें? उणें हेंच कीं, तो सारा शिष्टाचार शिकाऱ्यानें शिकाऱ्याशीं कसें वागावें एवढेंच सांगत होता. जखमी पक्ष्याचा शोध घेण्याचा एक नियम सोडला, तर पक्ष्याचें म्हणून त्यांत कांहींच नव्हतें. जेथें शिष्टाचार केवळ समानशीलांच्या सोयीपुरता राहतो, तेथें तो चार हजार पक्ष्यांच्या राशीसमोरही निष्कलंक राहूं शकतो.

असें असूनही शिकाऱ्याजवळ एक गुण होता, आणि तो पाहावयाचा तर सालिम अली यांच्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राकडे वळलें पाहिजे. खाडीच्या पलीकडच्या तीरावर असलेल्या चेंबुरास बाळपणीं त्यांनीं तबेल्यांत उभ्या असलेल्या गाडीमागें दडून घरट्याशीं बसलेला चिमणा छऱ्याच्या बंदुकीनें मारला. चिमणीनें दुसरा जोडीदार आणला, तोही मारला. सात दिवसांत असे आठ नर त्यांनीं टिपले, आणि ही हकीकत मुलाच्या वहींत टिपून ठेवली. तबेल्यांतील ती गाडी म्हणजे त्यांचें पहिलें लपणच होय. पुढें १९०८ सालीं मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीनें त्यांस मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत मिलार्ड साहेबांपुढें नेलें, आणि तेथून काय घडलें हें सर्वश्रुत आहे. टीकाकार म्हणून आम्हांस या प्रसंगाच्या कथनांत जें मोलाचें वाटतें, तें हें: लेखकानें प्रौढपणीं त्या आठ चिमण्यांवर पश्चात्तापाचा मुलामा चढविलेला नाहीं, कीं त्या लपविल्याही नाहींत. आठ म्हणजे आठ. शिकाऱ्याच्या हातांत प्रेत असे, म्हणून त्यास मोजावें लागे. आणि जो मोजतो तो केव्हां तरी विचार करूं लागतो.

मराठींत हा पालट दोघां लेखकांनीं घडवून दाखविला. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारी होते. 'नागझिरा' मध्यें ते बंदुकीवांचून रानांत राहतात आणि तरीही शिकाऱ्याचे डोळे व कान त्यांजजवळ शाबूत असतात. २०२५ सालीं दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. नव्या मुंबईपासून जवळच असलेल्या कर्नाळ्याच्या अभयारण्याशींही त्यांचा संबंध आला. या दोघांनीं लपणास ज्ञानाचें आसन केलें. पण त्यांच्या मागून जें निसर्गलेखन आपल्याकडे फोफावलें, त्याविषयीं आमची तक्रार आहे. त्यांत पहाट गुलाबी असते, पंख अग्नीचे असतात, लेखक सदैव भारावलेला असतो. परंतु तो त्या जागीं गेला कसा, बसला कोठें, त्याच्या येण्यानें काय हललें आणि उठतांना त्यानें मागें काय ठेवलें, यांची वार्ता नसते. जुन्या शिकारकथेंत रक्त होतें, पण चिखलांतील पावलेंही होतीं. नव्या लेखनानें रक्ताबरोबर पावलेंही पुसून टाकलीं.

याचा परिणाम बांधावर दिसतो. एका सकाळीं नेरुळकडील एका तळ्याशीं आम्ही उभे होतों. भरतीची वेळ, रोहितांचा थवा एका पायावर निजलेला. एका गृहस्थांस उडत्या थव्याचें चित्र हवें होतें. त्यांनीं जोरानें टाळ्या वाजविल्या. थवा उठला. आजूबाजूच्या आठदहा जणांनीं भराभर चित्रें घेतलीं आणि त्या गृहस्थांचे हंसून आभार मानले. शिकाऱ्यांच्या मेळ्यांत असा मनुष्य त्याच दिवशीं बाहेर काढला गेला असता. येथें तो उपकारकर्ता ठरला, कारण त्याच्या टाळीनें पडलेलें प्रेत कोणास दिसत नव्हतें. रोहित हा जड अंगाचा पक्षी. पाण्यावर कांहीं पावलें धांवल्याशिवाय त्यास उडतां येत नाहीं. चोंचीनें चिखलपाणी गाळून त्यांतील सूक्ष्म शेवाळावर तो पोट भरतो, आणि भरतीच्या वेळीं तो विसाव्यास आलेला असतो. अशा वेळीं प्रत्येक उड्डाण म्हणजे ओहोटींत मिळविलेल्या शिदोरींतून केलेली लूट होय. वन्यजीव कायद्यांत शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तींत मारण्याबरोबरच प्राण्यास हाकणें व आमिष लावणें हेंही घातलें आहे. टाळी वाजविणारा त्या व्याख्येंत बसतो कीं नाहीं, हें कायदेपंडितांनीं ठरवावें. वाङ्मयाच्या टीकाकारास एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, कायदा लिहिणाऱ्यांस शिकार या शब्दाचा अर्थ आपल्या निसर्गलेखकांपेक्षां अधिक नेमका कळला होता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. याच छायाचित्रकारांनीं तळ्यांकडे लोकांचें लक्ष वेधलें, असें म्हटलें जाईल. २०१५ सालीं ठाणे खाडीच्या पश्चिम बाजूस रोहित अभयारण्य झालें, २०२२ सालीं खाडीस रामसर यादींत स्थान मिळालें. पण नेरुळचीं तळीं त्या अभयारण्याबाहेर राहिलीं. २०२४ सालीं डी. पी. एस. तळ्याच्या परिसरांत कांहीं रोहित मृत्यु पावले. भरतीचें पाणी आंत येण्याच्या वाटा बुजल्या, अशी हांकाटी पक्षिप्रेमींनींच केली, आणि २०२५ सालीं तें तळें संवर्धन राखीव करण्याचा निर्णय शासनानें घेतला. चित्रें नसतीं तर पुरावा नसता, हें आम्ही मान्य करतों. किंबहुना म्हणूनच आमचा आग्रह आहे. जो पक्ष्याचा साक्षीदार म्हणून उभा राहतो, त्यानें स्वतःच पक्ष्यास छळलें, तर त्याची साक्ष कोण मानील?

तेव्हां जुन्या नियमांतील पक्ष्याचें हित साधणारे तेवढे निवडून घ्यावे, आणि जे नव्हते ते घालावे. पहाटे यावें, बसून राहावें, चांगली जागा कांहीं वेळानें दुसऱ्यास द्यावी. कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेरच्या पक्ष्यापाशीं सरकत जाऊं नये. दूरचें चित्र लहान येईल, येऊं द्यावें. पक्ष्यांनीं माना वर केल्या, चालूं लागले, म्हणजे तो आपणांस मिळालेला इशारा समजून थांबावें. घरट्याजवळ लपण करूंच नये. आडोशासाठीं कांदळवनाची फांदी तोडूं नये. उच्च न्यायालयानें २०१८ सालीं राज्यांतील कांदळवनाच्या तोडीस मज्जाव केला आहे, पण मज्जाव नसता तरी शिकाऱ्याचा तो पाल्याचा नियम लागू पडलाच असता. त्या खाडींत जाळें टाकणारा कोळी आपल्या चित्रांत आला म्हणून त्यावर वैतागूं नये. तो त्या पाण्याचा जुना मालक, आपण पाहुणे. आणि शिकाऱ्याची नोंदवही पुन्हां सुरू करावी. तींत पक्ष्यांच्या संख्येबरोबर एक रकाना असावा: आज आपल्यामुळें थवा किती वेळां उठला. तो आंकडा प्रामाणिकपणें भरणें हें आठ चिमण्या कबूल करण्याइतकेंच कठीण जाईल, असा आमचा तर्क आहे.

राहतां राहिली लपणाची डागडुजी. शिकाऱ्याच्या काळीं ती पाला बदलण्यानें संपत असे, कारण तळें हें त्यानें गृहीतच धरलें होतें. आपणांस तें गृहीत धरतां येत नाहीं. बांधावर प्लास्टिकचे पेले वेंचणें चांगलें. पण ज्या मोरीवाटे भरतीचें पाणी आंत येतें ती मोकळी आहे कीं नाहीं हें पाहणें, ती बुजली तर महानगरपालिकेस व सिडकोस लिहिणें, उत्तर न आल्यास पुन्हां लिहिणें, ही आजची डागडुजी होय. पाणी आलें नाहीं तर रोहित येणार नाहींत, आणि मग सुंदर आडोशाआड बसून आपण एकमेकांशीं कितीही सभ्यतेनें वागलों तरी समोर वाळलेला चिखलच दिसेल.