१.५ की १.६? रॉकर आर्मच्या एका लाडक्या दाव्याची चिकित्सा

अमेरिकन व्ही-८ इंजिनांविषयी थोडंफार वाचलं की एक सल्ला हमखास भेटतो: हाय-लिफ्ट कॅम बसवताय ना, मग १.५ चे जुने रॉकर काढा, १.६ चे रोलर रॉकर घाला, ताकद वाढेल. सोबत पुराव्यादाखल डायनोचे दोन आलेख असतात, आधीचा आणि नंतरचा. दुसरा वर असतो. विषय संपला.

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मुलांनी हा सल्ला आणि त्यामागचा पुरावा नीट वाचावा असं मला वाटतं. इंजिनात रस नसला तरी चालेल. निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल, पण दिलेल्या पुराव्यातून तो निघत नाही. पेपर वाचताना हीच गोष्ट पकडायची असते.

आधी यंत्र समजून घेऊ. उदाहरण म्हणून शेवर्लेचं १९५५ साली आलेलं स्मॉल-ब्लॉक घेतो, कारण हा वाद सर्वांत जास्त त्याच्यावरच रंगतो. यात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. कॅमचा लोब लिफ्टरला वर ढकलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला. रॉकर सी-सॉसारखा फिरतो आणि दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह खाली दाबतो. सी-सॉची एक बाजू लांब आहे. लांबीचं हे गुणोत्तर म्हणजे रेशो. लोबची उचल ०.३०० इंच असेल तर १.५ च्या रॉकरने व्हॉल्व्ह ०.४५० इंच उघडतो, १.६ ने ०.४८० इंच. वाढ ६.७ टक्के.

आता डायनोची ती 'आधी-नंतर' चाचणी बघा. काढले ते पत्र्याचे, प्रेसवर घडवलेले रॉकर. स्टडवरच्या गोलाकार बॉलवर घासत फिरणारे. घातले ते बेअरिंगवर फिरणारे, टोकाला रोलर असलेले. म्हणजे एका झटक्यात रेशो बदलला आणि घर्षणही बदललं. शिवाय पत्र्याच्या रॉकरवर लिहिलेला १.५ हा छापील आकडा. प्रत्यक्षात मोजलं तर तो बऱ्याचदा कमी भरतो. समजा एखादा १.४५ भरला, तर १.६ वर जाताना वाढ ६.७ नव्हे, १०.३ टक्के होते. मग वाढलेल्या ताकदीतलं किती श्रेय रेशोचं, किती बेअरिंगचं आणि किती जुन्या रॉकरच्या ढिसाळपणाचं? आलेख गप्प आहे. आपल्या भाषेत, व्हेरिएबल वेगळे केलेच नाहीत. प्रामाणिक तुलना म्हणजे रोलर १.५ विरुद्ध रोलर १.६, दोन्ही डायल इंडिकेटरने मोजलेले, तेलाचं तापमान तेच, आणि शेवटी पुन्हा १.५ बसवून आकडा पहिल्या जागी परत येतो का हे पाहणं. ही शेवटची पायरी फार कमी लोक करतात. कंटाळा येतो, आणि दुसरं म्हणजे तिथेच मोठमोठे दावे कोसळतात.

आणखी एक बारीक गोष्ट. डायनोचे आकडे हवामानानुसार 'दुरुस्त' करून छापतात, पण दुरुस्तीची मानकं एकाहून जास्त आहेत. एसएईचं जुनं जे६०७ आणि नंतरचं जे१३४९ यांच्या संदर्भ-परिस्थिती वेगळ्या आहेत, त्यामुळे तेच इंजिन जुन्या मानकात साधारण ४ टक्के जास्त ताकदवान दिसतं. ३५० हॉर्सपॉवरवर हे झाले १४. एकही पाना न फिरवता! आलेखाच्या कोपऱ्यात मानक लिहिलेलं नसेल तर दोन वेगळ्या लेखांतले आकडे शेजारी ठेवूच नका.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. या लेखनात 'कमाल लिफ्ट' हा एकच आकडा सगळं ठरवतो. व्हॉल्व्ह त्या कमाल उंचीवर क्षणभरच असतो. २.०२ इंच व्यासाचा इनटेक व्हॉल्व्ह घ्या. व्हॉल्व्हभोवतीच्या फटीचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळाइतकं होतं ते व्यासाच्या चौथ्या भागाएवढ्या उचलीला, म्हणजे ०.५०५ इंचाला. त्याच्या जवळ जाता जाता हवेला फट कमी आणि पोर्ट जास्त अडवायला लागतं. मूळ हेड तसंच असेल तर ०.४५० चे ०.४८० झाल्याने प्रवाह ६.७ टक्क्यांनी वाढत नाही. फायदा होतो तो मधल्या उंचीवर: प्रत्येक अंशाला व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडा असतो, लवकर उघडतो, म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ वाढतं. कॅटलॉग हे क्षेत्रफळ छापत नाही. छापायला सोपा आकडा आणि महत्त्वाचा आकडा यांची अशी अदलाबदल आपल्या प्रयोगशाळांतही रोज होते, पण ते असो.

किंमत काय मोजावी लागते, तीही बघू. लोब तोच आणि रेशो ६.७ टक्के जास्त, तर व्हॉल्व्हचा प्रवेगही तितकाच वाढतो. प्रवेग वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. म्हणून जुन्या स्प्रिंगवर व्हॉल्व्ह ६५०० आरपीएमला ताबा सोडत असेल, तर ढोबळमानाने आता ६३०० च्या आसपास सोडेल. (स्प्रिंग थोडी जास्त दबते, त्यामुळे काही भरपाई होते, म्हणूनच ढोबळमानाने.) बलाचं गणित तर अकरावीचं आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्प्रिंगचा जोर १४० किलो धरा. १.५ ला पुशरॉडवर २१० किलो, १.६ ला २२४. सी-सॉ मधल्या स्टडवर टेकलाय, म्हणून स्टडला दोन्ही बाजूंची बेरीज ओढते: ३५० च्या जागी ३६४. त्यात हाय-लिफ्ट कॅमसाठी जड स्प्रिंग आली की हा आकडा आणखी चढतो, आणि जुन्या हेडमधले नुसते ठोकून बसवलेले स्टड वर सरकू लागतात. 'ताकद वाढेल' म्हणणाऱ्या लेखात आटे असलेल्या स्टडचा खर्च क्वचितच असतो.

बाकी अडचणी भराभर सांगतो. पत्र्याच्या रॉकरमधून स्टड जाण्यासाठी खाच असते. लिफ्ट जास्त झाली की खाचेचं टोक स्टडवर आपटतं, म्हणून लांब खाचेचा रॉकर लागतो. रेशो वाढवताना पुशरॉडचं टोक स्टडच्या जवळ येतं, तेव्हा पुशरॉड हेडच्या भोकाला घासतोय का ते पाहावं लागतं. रिटेनर गाइडच्या सीलवर आदळता कामा नये. आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर कमाल लिफ्टला मोजणं निरर्थक आहे, कारण तेव्हा पिस्टन खाली असतो. धोका ओव्हरलॅपमध्ये, पिस्टन वरच्या टोकाजवळ असताना.

मग १.६ हा नुसता बाजारचा गलका आहे का? नाही. एका ठिकाणी त्याची बाजू भक्कम आहे, आणि गंमत म्हणजे नेमका तोच मुद्दा हे लेख सोडून देतात. फ्लॅट टॅपेट कॅममध्ये लोब आणि टॅपेटचा स्पर्शबिंदू मध्यापासून किती बाजूला सरकतो हे उचलीच्या वेगावर ठरतं. तो बिंदू टॅपेटच्या कडेबाहेर गेला तर लोब खरवडला जातो. शेवर्लेच्या टॅपेटचा व्यास ०.८४२ इंच, त्रिज्या ०.४२१. म्हणजे कॅमच्या एका अंशाला उचल जास्तीत जास्त ०.००७३ इंच, व्यवहारात त्याहून कमीच. लोब कितीही कल्पकतेने घासा, ही भिंत ओलांडता येत नाही. रॉकर भिंतीच्या पलीकडे बसलेला आहे: तो व्हॉल्व्हचा वेग वाढवतो आणि टॅपेटला त्याचा पत्ता लागत नाही. रोलर लिफ्टर असतील तर ही अडचण या रूपात नसतेच. तिथे लिफ्ट लोबमध्येच मागून १.५ ठेवणं मला जास्त पटतं.

राहिली भूमिती, जिला 'रोलर टिप आहे ना' म्हणून सोडून देतात. रॉकरचं टोक वर्तुळाच्या चापावर फिरतं, व्हॉल्व्ह सरळ रेषेत, म्हणून टोक व्हॉल्व्हच्या माथ्यावर आडवं सरकणारच. रोलर हे सरकणं रद्द करत नाही. भुजा १.५ इंच आणि लिफ्ट ०.४८० धरा. अर्ध्या लिफ्टला भुजा व्हॉल्व्हला काटकोनात असेल तर सरकणं सुमारे अर्धा मिलिमीटर. तोच काटकोन व्हॉल्व्ह बंद असताना आला तर सुमारे २ मिलिमीटर, चौपट, तेही ११/३२ इंच जाडीच्या दांड्यावर. हे पुशरॉडच्या लांबीवर ठरतं, आणि कॅम बदलल्यावर, विशेषतः बेस सर्कल लहान असेल तर, जुनी लांबी बरोबर असेलच असं नाही. तपासायला महागडं काही लागत नाही: व्हॉल्व्हच्या माथ्यावर मार्करची शाई लावा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, आणि पुसला गेलेला पट्टा किती रुंद आहे ते बघा.