दळण आणि लय : जपानी भूमिका-खेळांतील काळाचा प्रश्न

१

कथात्म कलाकृतीच्या गतीविषयी बोलताना दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते : कृती किती वेळ घेते, आणि घेतलेल्या वेळाचे ती काय करते. पहिली गोष्ट मोजता येते, म्हणून वाद बहुधा तिच्याभोवतीच घुटमळतो. दुसरी मोजता येत नाही; मात्र समीक्षेचा खरा विषय तीच असते. जपानी रोल-प्लेइंग गेम या व्हिडिओ खेळांच्या प्रकाराविषयी त्याचे चाहते दीर्घकाळ जो वाद घालत आले आहेत, त्यात ही गल्लत ठळकपणे दिसते. त्याचबरोबर कथनमीमांसेने आजवर पुरेसा न हाताळलेला एक प्रश्नही त्या वादात दडलेला आहे.

या प्रकाराचा, त्याला येथे भूमिका-खेळ म्हणू, साचा युजी होरी यांच्या 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) या खेळाने घालून दिला. खेळणारा एका नायकाला, पुढच्या खेळांत पात्रांच्या एका तुकडीला, घेऊन गावे, राने आणि गुहा पार करतो. वाटेत शत्रू भेटतात. लढायांतून मिळणाऱ्या गुणांनी पात्रांची 'पातळी' वाढते, आणि ती पुरेशी वाढल्याखेरीज कथानकाचा पुढचा टप्पा सहसा गाठता येत नाही. म्हणजे कथा पुढे सरकण्यासाठी पान उलटणे पुरेसे नसते, श्रम करावे लागतात. त्याच त्या लढाया पुन्हापुन्हा लढण्याच्या या श्रमाला इंग्रजी भाषक चाहत्यांनी जात्यावरून शब्द घेतला, 'ग्राइंड'. मराठीलाही तो परका वाटू नये; कंटाळवाण्या पुनरावृत्तीला मराठीतही दळणच म्हणतात. जपानी खेळणाऱ्यांची शब्दावली निराळी आहे. पातळी चढवण्याच्या कामाला ते 'रेबेरु-आगे' म्हणतात, दुसऱ्यांची किरकोळ कामे करत हिंडावे लागले की 'ओत्सुकाई', आणि एकाच वाटेने पुढे ढकलले जावे लागले की 'इप्पोन-मिची'. हे तिन्ही शब्द काळाविषयीचे आहेत.

या चर्चेत दोन भूमिका प्रामुख्याने दिसतात. एक पक्ष म्हणतो की या खेळांना धीर धरावा लागतो, पहिले वीस तास सोसले की खेळ रंगतो. दुसरा पक्ष म्हणतो की खेळणाऱ्याचा वेळ मौल्यवान आहे आणि कलाकृतीने त्याचा मान राखला पाहिजे. दोन्ही पक्षांचे गृहीत एकच आहे : काळ ही किंमत आहे आणि आनंद हा माल. वाद आहे तो फक्त भावाविषयी.

२

संथपणाचे समर्थन करताना कधी कधी जपानी सौंदर्यदृष्टीचा आधार घेतला जातो. गागाकु संगीतातून आलेले आणि झेआमीने नो नाट्याच्या संदर्भात विकसित केलेले 'जो-हा-क्यू' हे तत्त्व, म्हणजे संथ प्रारंभ, मधला भंग आणि वेगवान शेवट, या खेळांच्या रचनेत शोधले जाते. हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी टिकणारे नाही. एक तर होरी यांच्यासमोर आदर्श होते ते 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' या अमेरिकी खेळांचे. दुसरे असे की संथपणाविरुद्धची तक्रार परदेशी अधीरतेतून आलेली नाही. 'इप्पोन-मिची' हा आक्षेप जपानी खेळणाऱ्यांनीच घेतलेला आहे. आणि तिसरे म्हणजे 'जो-हा-क्यू' हे संथपणाचे तत्त्व नव्हेच, ते गतिबदलाचे तत्त्व आहे. संस्कृतीचा हवाला देऊन कलाकृतीची रचना तपासण्याचे काम टाळता येत नाही.

हे काम कथनमीमांसेच्या प्रचलित साधनांनी सुरू करता येते, परंतु पुरे होत नाही. जेरार झेनेत याने १९७२मध्ये कथेतील काळ आणि कथनाचा काळ यांच्या प्रमाणावरून गतीचे चार प्रकार सांगितले : दृश्य, सारांश, विराम आणि लोप. मात्र लिखित संहितेला स्वतःचा काळ नसतो, तो वाचनाकडून उसना घ्यावा लागतो, ही अडचण त्यालाही जाणवली होती. म्हणून त्याने पानांच्या आणि ओळींच्या लांबीवर भागवले. भूमिका-खेळात ही अडचण उलटी होते. 'फायनल फँटसी' मालिकेतील अनेक खेळांत खेळणाऱ्याने किती तास आणि किती मिनिटे घालवली याचा आकडा पडद्यावरच दिसतो. झेनेतला जे मोजता आले नाही, ते येथे कलाकृती स्वतःच मोजून दाखवते. चाहत्यांचा वाद तासांच्या भाषेत अडकतो, याचे एक कारण हेही असावे.

परंतु हा तिसरा काळ केवळ वाचनकाळाचा पर्याय नव्हे. तो कथेचा काळ नाही, कारण कथेच्या दृष्टीने वाटेतल्या पन्नास लढाया घडल्या काय नि साठ घडल्या काय, फरक पडत नाही. तो कथनाचाही काळ नाही, कारण त्या लढायांत काही सांगितले जात नाही. तो खेळणाऱ्याच्या श्रमाचा काळ आहे; त्याला कृतिकाल म्हणता येईल. भूमिका-खेळाची गती म्हणजे कथाकाल, कथनकाल आणि कृतिकाल या तिहींमधील नाते होय. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी असलेली लय संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांनी सिद्ध होते असे मानले. लय ही परिमाणाची नव्हे, संबंधाची बाब आहे, हे त्यांचे सूत्र येथे उपयोगी पडते.

३

पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या प्रारंभीच, राजाच्या किल्ल्यातून बाहेर पडताच, पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. शेवट डोळ्यांसमोर आहे, काही चौकटींच्या अंतरावर. परंतु तेथे पोहोचायला सगळा खेळ लागतो. पूल ओलांडला की पलीकडचे शत्रू अधिक बलाढ्य होतात. एका लढाईतील जखमा पुढच्या लढाईत सोबत येतात; मंत्रशक्ती खर्च झाली की ती विसावा घेतल्याशिवाय परतत नाही. हरल्यास नायक राजासमोर परत येतो, निम्मे सोने गमावून, पण मिळवलेला अनुभव राखून. त्यामुळे प्रत्येक पाऊल हा निर्णय ठरतो : आणखी पुढे जावे की मागे फिरावे? या खेळातील दळण पुनरावृत्तीचे असले तरी त्याची प्रत्येक फेरी मागच्या फेरीचे ओझे वाहते. अंतर नकाशावर असते, पण मोजले जाते ते श्रमात, आणि दूरवरचा किल्ला हळूहळू जवळ येण्याची जाणीव याच श्रमातून घडते.

याच्या नेमके उलट उदाहरण 'फायनल फँटसी १३' (२००९) हे होय. संथपणाचा आरोप ज्या खेळांवर सर्वाधिक झाला त्यांपैकी हा एक. वस्तुतः त्यातील घटनांचा वेग कमी नाही; पात्रे पहिल्या प्रकरणापासून पळत आहेत. तेरा प्रकरणांपैकी दहा प्रकरणे खेळणारा जवळजवळ एकाच अरुंद वाटेने जातो, आणि अकराव्यात ग्रान पल्सचे विस्तीर्ण मैदान समोर येते. या रचनेचे समर्थन करणारे म्हणतात की दैवाने जखडलेल्या पात्रांची कोंडी अरुंद वाटेतूनच व्यक्त होते. हा युक्तिवाद आशय आणि रूप यांची सांगड घालतो, म्हणून तो गंभीरपणे घ्यावा लागतो. तथापि दोष वाटेच्या अरुंदपणात नसून कृतिकालाच्या स्वरूपात आहे. या खेळात प्रत्येक लढाईनंतर पात्रे पूर्ववत धडधाकट होतात. लढाई किती वेळात संपवली यावरून तारे दिले जातात. पात्रांच्या वाढीला कथानकाच्या टप्प्यांनी मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे कोणी कितीही श्रम केले तरी ते ठरावीक रेषेपलीकडे जात नाहीत. कोणतीही लढाई पुढच्या लढाईला काही देत नाही आणि तिच्याकडून काही हिरावूनही घेत नाही. माग न ठेवणारा काळ वेगवान असूनही लांबट भासतो. चाहत्यांची तक्रार अनुभव म्हणून खरी आहे. चुकते ते तिचे निदान.

४

श्रम कमी केले की गती सुधारते, हे मत 'झेनोगिअर्स' (१९९८) या खेळाने खोटे ठरवले आहे. निर्मितीच्या मुदतीच्या ताणात त्याच्या दुसऱ्या डिस्कमधील मोठा भाग खेळण्याऐवजी सांगण्यात आला : पात्र खुर्चीत बसून घडलेले प्रसंग कथन करते आणि मागे चित्रे सरकतात. झेनेतच्या परिभाषेत हा सारांश आहे, आणि कादंबरीत त्यात वावगे काही नसते. परंतु येथे अनेक चाहत्यांना तो विश्वासभंग वाटला. कृतिकाल अचानक काढून घेतल्यामुळे कथेतील सर्वांत मोठ्या घटना सर्वांत हलक्या झाल्या. काहींना मात्र याच भागात कथेचे चिंतन अधिक धारदार झाल्याचे जाणवते. दोन्ही प्रतिक्रियांतून दिसते एकच : वेळ वाचवणे हे या रसिकतेचे अंतिम मूल्य नव्हे.

याउलट 'क्रोनो ट्रिगर' (१९९५) हा खेळ आटोपशीर म्हणून वाखाणला जातो. त्यात लढाईसाठी वेगळा पडदा येत नाही, भटकण्याच्या जागीच ती घडते. पण त्याच्या गतीचे मर्म एका उपकथानकात आहे. ओसाड भूमीवर वन उभे करण्यासाठी तुकडीतील रोबो हे यंत्रपात्र इ. स. ६००मध्ये मागे राहते. बाकीचे कालयानाने इ. स. १०००मध्ये जातात आणि त्याला भेटतात, तेव्हा चारशे वर्षे राबून ते जीर्ण झालेले असते आणि भोवती वन असते. मित्रांसाठी जो क्षण, तो त्याच्यासाठी चार शतके. लोप आणि श्रम यांना येथे समोरासमोर उभे केले आहे. खेळणाऱ्याने झटकन ओलांडलेला काळ कोणीतरी कणाकणाने जगलेला असतो. हा लोप परिणामकारक होतो तो त्यामागचे श्रम दृश्यमान केल्यामुळे.

५

कृतिकालाचे अर्थात रूपांतर होते याचा सर्वपरिचित दाखला 'फायनल फँटसी ७' (१९९७) मधील एअरिथच्या मृत्यूचा. पहिल्या डिस्कच्या शेवटी ती मारली जाते. कादंबरीच्या वाचकाने तिच्यावर माया केली असती. खेळणाऱ्याने तिच्यावर श्रमही केलेले असतात. तिची पातळी आणि तिने कष्टाने मिळवलेली कौशल्ये तिच्याबरोबर जातात. लगेच लढाई सुरू होते, पण तिच्यासाठी नेहमीचे युद्धसंगीत वाजत नाही. एअरिथचीच धून चालू राहते. शोक करायला थांबण्याची मुभा नाही, दळण चालूच ठेवावे लागते. कथा, कथन आणि कृती यांचे काळ येथे एकमेकांत मिसळतात.

या मताविरुद्ध एक रास्त आक्षेप घेता येईल. कष्ट घातलेल्या कोणत्याही गोष्टीविषयी माणसाला आसक्ती वाटते. मग दीर्घ श्रमातून येणारा जिव्हाळा हा कलात्मक अर्थ कसा? तो केवळ गुंतवणुकीचा मोह नव्हे काय? हा आक्षेप अनेक खेळांना लागू पडतो, कारण ते श्रमांची परतफेड आणखी मोठ्या आकड्यांनी करत राहतात. एअरिथच्या बाबतीत परतफेड नाकारली जाते. आसक्ती जोपासून तिलाच प्रश्न विचारला जातो. श्रमातून आलेला जिव्हाळा आणि श्रमातून आलेला अर्थ यांतील भेद येथे आहे.

एकाच कृतीत कृतिकालाची दोन्ही मूल्ये आढळू शकतात, हे २०२०च्या 'फायनल फँटसी ७ रीमेक'मध्ये दिसते. मूळ खेळातील मिडगार नगरीचा भाग पहिल्या डिस्कच्या आरंभापुरता होता. येथे त्याचाच संपूर्ण खेळ झाला. सातव्या विभागातील वस्तीत नायकाला रहिवाशांची बारीकसारीक कामे करावी लागतात, म्हणजे शुद्ध 'ओत्सुकाई'. परंतु पुढे याच वस्तीवर नगरीचा वरचा मजला कोसळतो, तेव्हा त्या क्षुल्लक कामांचे महत्त्व पालटते. ज्यांची मांजरे शोधली, त्यांचीच घरे गेलेली असतात. याच खेळात पडझड झालेल्या महामार्गावर यंत्राचे हात हलवून वाट काढण्याचा दीर्घ प्रसंगही आहे, आणि त्याचा पुढे कोठे प्रतिध्वनी उमटत नाही. पहिला विस्तार म्हणजे भरण, दुसरा म्हणजे भर. 'खेळ लांबवला आहे' एवढे म्हणून दोहोंचा निकाल लावता येत नाही.

६

जुन्या खेळांच्या नव्या आवृत्त्यांमुळे हा प्रश्न आता व्यावहारिक झाला आहे. 'फायनल फँटसी ७'च्या २०१५च्या प्लेस्टेशन आवृत्तीत गती तिप्पट करण्याची आणि वाटेतल्या लढाया बंद करण्याची सोय आली. 'फायनल फँटसी १२'च्या २०१७च्या आवृत्तीत गती दुप्पट वा चौपट करता येते. पाने गाळण्याचा हक्क वाचकाला नेहमीच होता, म्हणून यात नवे काही नाही असे म्हटले जाईल. पण गाळलेले पान कथेत खिंडार पाडते आणि वाचकाला ते जाणवत राहते. गती वाढवल्याने कथेत खिंडार पडत नाही. सारे प्रसंग जागच्या जागी राहतात, फक्त त्यांचे वजन उतरते आणि उतरल्याचे कळतही नाही.

तरीही या सोयीला सरसकट विरोध करणे योग्य होणार नाही. शाळकरी वयातल्या मोकळ्या दुपारी आणि नोकरी सांभाळणाऱ्या प्रौढाची रात्रीची उरलेली घटका यांत काळाची किंमत एक नसते. वेळेचा मान राखा, या मागणीत नैतिक तथ्य आहे, कारण कलाकृती मागते तो वेळ कोणाच्या तरी आयुष्यातला असतो. कलाकृतीच्या लांबीने ती मागणी समर्थनीय ठरत नाही, परंपरेनेही नाही, आणि वीस तासांनंतरच्या आनंदाच्या आश्वासनाने तर नाहीच. घेतलेला काळ पुढे कृतीतच स्मृतीच्या रूपाने परत येत असेल, तरच ती मागणी समर्थनीय ठरते. वेग वाढवूनही जेथे काही हरवत नाही, तेथे मुळातच काही ठेवलेले नव्हते. वेग वाढवताच जेथे अर्थ विरळ होतो, तेथे संथपणा हाच आशयाचा भाग होता.

जात्यावरची ओवी दळणाच्या श्रमातून आपली लय घेते. तिला जात्यापासून तोडले तर शब्द उरतात, पण हाताच्या फेऱ्याने दिलेला ताल उरत नाही. मात्र ओवीविना नुसते दळणही असते, आणि त्याला कंटाळणाऱ्याला अधीर ठरवणे अन्यायाचे होईल. भूमिका-खेळांच्या समीक्षेला हे दोन्ही वेगळे ओळखावे लागतील, आणि त्यासाठी पडद्यावर दिसणारा तासांचा आकडा पुरेसा नाही.