आजोबांचा कोट

दिवाळीच्या आधी वाशीमच्या आमच्या घरी भिंतीवरच्या तसबिरी उतरवून पुसण्याचा प्रघात आहे. यंदा त्यांत एका नव्या तसबिरीची भर पडली. मध्ये आजोबा-आजी आणि भोवती आम्ही सारे! आजोबा वारले तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा जन्मही झाला नव्हता; इथे मात्र त्यांचा हात त्याच्या खांद्यावर आहे. एका स्टुडिओवाल्याने चार फोटो संगणकावर जोडून ही किमया साधली.

ही कला काही आजची नव्हे. १८५८ साली इंग्लंडात हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलीचे चित्र सिद्ध केले. दुःख असे रचून दाखवावे काय, म्हणून लोक त्याच्यावर रुष्ट झाले. मला तो आक्षेप पटत नाही. चित्रकार तरी दुसरे काय करतो?

तेव्हा जोडण्याबद्दल माझी तक्रार नाही. आजोबांवर उजेड डावीकडून पडतो, आमच्यावर उजवीकडून. तेही मी चालवून घेईन. पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या पुसल्या आहेत आणि अंगात सदऱ्याऐवजी कोट आहे. खांद्यावरचा हात ही आमची इच्छा होती. आठ्या पुसायला कोणी सांगितले होते?

आजीने तसबीर बराच वेळ न्याहाळली. म्हणाली, "कोट चांगला आहे बापा, पण हे ते नाहीत."

जुना, डाग पडलेला फोटो मी शेजारीच टांगला आहे.