नकाशातील कोरडी रेघ

नकाशास ग्रंथ मानून त्याचे परीक्षण करण्याची चाल आपल्याकडे नाही. वस्तुतः नकाशाही कोणीतरी पाहून, निवडून, गाळून लिहिलेला असतो. मग त्याच्या कर्त्यास गुणदोषविवेचनातून सूट का मिळावी? भारतीय सर्वेक्षण खात्याने इंग्रजी अमदानीत एका इंचास एक मैल ह्या प्रमाणाने जे नकाशे काढले, त्यांतील 55 एच ह्या विभागात वाशीमनजीकचे जऊळका येते. ह्या जुन्या नकाशांविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

माळरानाचा नकाशा कसा नीरस होतो हे अमेरिकेत पाहावे. तेथे 1785 च्या कायद्याने सहा-सहा मैलांचे चौकोन आखले गेले. मध्ये ओढा येवो वा टेकडी, रेघ आपली सरळ! वऱ्हाडच्या पठाराचा आमचा नकाशा तसा नव्हे. तपकिरी समोच्च रेषा वाचता येऊ लागल्या की चढउतार डोळ्यांपुढे उभे राहतात. काटा गावाजवळ निघालेली काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला मिळून तापीवाटे अरबी समुद्र गाठते. दक्षिण उतारावरचे पाणी पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत बंगालच्या उपसागरास जाते. एकाच पठारावरील सरीची ही फाटाफूट कोठे होते, ती सीमा नकाशात ओढलेली नाही. रेषांवरून वाचकानेच ती हुडकावी. ह्यास आम्ही दोष न म्हणता वाचकाचा सन्मान म्हणतो.

आमचा आक्षेप निराळा आहे. वाहते पाणी निळे व कोरडे पात्र काळे, असा ह्या नकाशांचा संकेत. मोजणीदार फिरतीवर निघणार पावसाळा सरल्यावर. तेव्हा श्रावणात गाडीवानास उतार न देणारा नाला त्यास कोरडाच दिसणार, आणि कागदावर त्याची काळी रेघ होणार! ह्यात असत्य नाही, परंतु सत्य आहे ते वर्षाच्या एका भागाचे. मोजणीच्या कामातच 1823 साली हिंगणघाटास देह ठेवणाऱ्या लॅम्बटनसाहेबांच्या परंपरेतील चिकाटीविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. पण चिकाटीने ऋतू बदलत नाही. पुढे मेट्रिक मापने आली, प्रमाण पन्नास हजारांस एक झाले. काळ्या रेघेचा हा संकेत मात्र बरोबर आला.

नाल्याकाठी घर बांधू पाहणाऱ्याने म्हणून नकाशा जरूर पाहावा, आणि आषाढात पाणी कोठवर चढते ते गावातील म्हाताऱ्यांस विचारावे. तेवढी ओळ त्यात लिहिलेली नाही.