‘नटसम्राट’ आणि वृद्धसंरक्षणाचा कायदा

वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. निवृत्त नट गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलांना वाटून देतात आणि पुढे मुलगा व मुलगी या दोघांच्याही घरांना पारखे होतात, हे त्याचे कथासूत्र. कृतघ्न अपत्यांची शोकांतिका म्हणून ते सामान्यतः वाचले जाते. हे वाचन चुकीचे नव्हे. परंतु अपुरे आहे.

संसदेने २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा अधिनियम केला. त्याच्या कलम २३ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. परंतु गणपतराव विनाअट देतात. त्यांच्या लेखी अट घालणे हा वात्सल्याचाच अपमान ठरला असता. सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा प्रकरणी (२०२२) अशी अट सिद्ध होणे आवश्यक मानले. ऊर्मिला दीक्षित प्रकरणी (२०२५) कायद्याच्या कल्याणकारी हेतूस अनुसरून उदार अर्थ लावला. नाटकातील पेच न्यायासनापुढेही आहे तो असा.

याहून मूलभूत प्रश्न तक्रारीचा होय. गणपतराव घर सोडू शकतात. मुलांविरुद्ध अर्जदार होऊ शकत नाहीत. उल्हासनगर फाळणीनंतरच्या निर्वासित छावणीतून उभे राहिले, अंबरनाथ आयुधनिर्माणीच्या आश्रयाने वाढले, बदलापूर लोकलने मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्यांचे झाले. घरातील कर्ती माणसे पहाटे बाहेर पडून रात्री परततात, तेथे वृद्धाची उपेक्षा बंद दाराआड घडते. दाद मागण्याचे ठिकाण म्हणजे प्रांताधिकाऱ्यांचे न्यायाधिकरण. तेथवर जाण्याइतके बळ व धैर्य उपेक्षिताकडे कोठून असणार? कलम ५ न्यायाधिकरणास स्वतःहून दखल घेण्याचा, तसेच वृद्ध असमर्थ असल्यास त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीस वा संस्थेस अर्ज करण्याचा अधिकार देते. अधिनियमाचे खरे सामर्थ्य येथे आहे. कारण ते वृद्धाच्या अबोलपणाची जाणीव ठेवते.

नाटकाची मर्यादाही येथेच उमगते. शिरवाडकरांनी गणपतरावांना वाणीचे ऐश्वर्य दिले, म्हणून त्यांचे दुःख प्रेक्षागृहाच्या अखेरच्या रांगेपर्यंत पोहोचते. अंथरुणास खिळलेल्या किंवा स्मृती हरवलेल्या वृद्धास स्वगत नसते. त्याच्या दारापर्यंत सार्वजनिक सेवेनेच चालत गेले पाहिजे.